सीमेवरच्या रानातील नभोवाणी

आपल्या देशातील नभोवाणीचा इतिहास सांगणारे बहुधा मुंबईपासून आरंभ करतात. १९२७ च्या जुलै महिन्यात मुंबईचे केंद्र सुरू झाले, पाठोपाठ कलकत्त्याचे झाले, आणि पुढे त्यातून 'आकाशवाणी' उभी राहिली, असा तो क्रम आहे. कोणी अधिक चोखंदळ असला तर संस्थानांच्या केंद्रांचीही आठवण काढतो. बडोद्याच्या महाराजांचे केंद्र, म्हैसूरच्या प्राध्यापक गोपालस्वामींनी घरातून सुरू केलेले केंद्र, निजामांच्या राज्यातील 'डेक्कन रेडिओ' ही त्यांतील नावे. ही सारी केंद्रे स्वातंत्र्यानंतर एकामागून एक आकाशवाणीत सामावली गेली. परंतु गोव्याची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे, आणि ती सांगण्याचा योग आपल्याकडे फारच क्वचित येतो. गोव्यात नभोवाणीची दोन केंद्रे सहा वर्षे एकमेकांसमोर उभी होती. एक राजधानीत, सरकारच्या इतमामात. दुसरे सरहद्दीपलीकडच्या रानात, एका मालमोटारीवर. पहिल्याच्या मागे एका साम्राज्याचा खजिना होता. दुसऱ्याच्या मागे जी माणसे होती, ती हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

पहिले केंद्र ते 'एमिसोरा द गोवा'. ते पणजीत १९४६ साली सुरू झाले. त्याच वर्षी १८ जून रोजी मडगावच्या मैदानात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदीचा हुकूम मोडला, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आसोळणे गावचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी लोहिया विश्रांतीसाठी पाहुणे म्हणून आले होते. विश्रांती बाजूला राहिली आणि गोव्यातील नागरी हक्कांच्या लढ्याला तोंड फुटले. म्हणजे सरकारला स्वतःचा आवाज लाभला त्याच वर्षी प्रजेलाही तिचा आवाज सापडला. फरक इतकाच की, सरकारचा आवाज लहरींवर चढून दूरवर जात होता आणि प्रजेच्या आवाजाला तुरुंगाची भिंत आडवी येत होती. गोव्यातील वृत्तपत्रांवर त्या काळी कडक नियंत्रण होते. छापण्यापूर्वी मजकूर तपासनिसाच्या मेजावरून जात असे, आणि अनेकदा तेथेच राहत असे.

एमिसोराविषयी एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. तिचे श्रोते केवळ राजनिष्ठांतच होते असे नाही. १९५२ नंतर आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला. त्या वेळचे नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी होते आणि चित्रपटगीते त्यांना रुचत नसत. तेव्हा गाण्यांचा शौकीन श्रोता रेडिओचा काटा फिरवीत फिरवीत सिलोनवर गेला, हे सर्वश्रुत आहे. गोव्याच्या केंद्रावरही तो जाऊन थांबत असे, हे तितकेसे प्रसिद्ध नाही. आकाशवाणीला शहाणपण सुचून 'विविध भारती' सुरू होण्यास १९५७ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. एखाद्या सत्तेचे गाणे आवडीने ऐकावे आणि तिच्या बातमीवर मात्र विश्वास ठेवू नये, हे त्या काळच्या श्रोत्याला सहज जमत होते.

आता दुसऱ्या केंद्राकडे वळू. त्याची पार्श्वभूमी समजण्यासाठी १९५४ व १९५५ या दोन वर्षांतील घडामोडी पाहिल्या पाहिजेत. पोर्तुगालने १९५१ साली आपल्या घटनेत फेरफार करून गोव्याला 'वसाहत' म्हणणे सोडून दिले आणि 'सागरापलीकडील प्रांत' असे नवे नाव दिले. नाव बदलल्याने प्रश्न मिटेल, अशी सालाझार यांची समजूत असावी. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली ही पोर्तुगिजांच्या अमलाखालील ठाणी स्वयंसेवकांनी मुक्त केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवी व इतर वाटांनी गोव्यात शिरले, आणि त्यांच्यावर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण ठार झाले. भारताने पोर्तुगालशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. सरहद्द बंद झाली, रेल्वे बंद झाली, मनीऑर्डरी थांबल्या.

हा शेवटचा तपशील आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात गोव्याचे नाते आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोवेकरांच्या 'कूड' होत्या. गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावाच्या नावाने चालविलेल्या त्या वसतिगृहांत खलाशी, आचारी, वादक, शिंपी राहत आणि महिन्याकाठी गावी पैसे धाडीत. १९५५ नंतर ही वाट एकाएकी खुंटली. नाकेबंदी ही लिस्बनला धडा शिकविण्यासाठी होती. तिचा पहिला चटका बार्देश आणि साष्टीतल्या म्हाताऱ्या आईबापांना बसला. पोर्तुगीज सरकारला तर हे आयतेच सापडले. भारताला गोव्याच्या जनतेची पर्वा नाही, हे सांगण्यास एमिसोराला याहून सोयीचे निमित्त मिळते ना. आणि प्रजेला उलट बाजू कोठून कळणार? वृत्तपत्र येत नव्हते, माणूस येत नव्हता. येऊ शकत होती ती केवळ एक गोष्ट, आणि तिला परवाना लागत नव्हता.

दादरा व नगर हवेलीच्या मुक्तीच्या वेळी पोर्तुगिजांची दोन बिनतारी यंत्रे हाती लागली होती. त्यांची जुळवाजुळव करून, त्यांत फेरफार करून, एक लहानसे प्रक्षेपणयंत्र तयार करण्यात आले. शत्रूच्या तोफा त्याच्यावरच उलटविल्याच्या कथा इतिहासात पुष्कळ आहेत. शत्रूचे निरोपाचे यंत्र त्याच्यावर उलटविल्याची ही कथा त्यांहून कमी मनोरंजक नाही. येथे सहज एक गोष्ट आठवते. नगर हवेलीच्या त्या मोहिमेत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांत गायक व संगीतकार सुधीर फडके हे एक होते. पुढल्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे केंद्रावरून त्यांनी स्वरबद्ध केलेल्या गीतरामायणाचा आरंभ झाला, आणि वर्षभर दर आठवड्यास महाराष्ट्रातील घराघरांत लोक रेडिओभोवती जमू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस, गीतरामायण अजून चालू असता, तिकडे अंबोलीच्या रानातून दुसऱ्या एका आवाजाने आपले पहिले वाक्य उच्चारले.

तो दिवस होता २५ नोव्हेंबर १९५५. ही तारीख सहज निवडलेली नव्हती. १५१० साली याच दिवशी, संत कॅथरीनच्या सणाला, अफोंस द अल्बुकर्कने गोवा शहर दुसऱ्यांदा जिंकून आपला अंमल कायम केला. जुन्या गोव्यातील भव्य कॅथेड्रल संत कॅथरीनला अर्पण केलेले आहे ते याच कारणाने. ज्या दिवशी सत्ता आली त्याच दिवशी तिच्या जाण्याची घोषणा करावयाची, असा हा हिशेब होता. केंद्राला दोन नावे होती : पोर्तुगीजमध्ये 'व्होझ दा लिबर्दाद' आणि कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. दोन्हींचा अर्थ एकच, स्वातंत्र्याचा आवाज.

हा आवाज ज्यांचा होता त्यांची ओळख आता करून दिली पाहिजे. लिबिया लोबो या गोव्यातील पर्वरीच्या ख्रिस्ती घराण्यातील, जन्म १९२४ चा. वाढल्या आणि शिकल्या मुंबईत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पत्रे तपासणाऱ्या सरकारी कचेरीत काम केले. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात लघुलेखिका व ग्रंथपाल म्हणून त्या होत्या. नोकरी सांभाळून त्यांनी कायद्याचाही अभ्यास केला. वामन सरदेसाई हे त्यांच्याहून एका वर्षाने मोठे, गोव्याच्या हिंदू घराण्यातील. आरंभी निकोलाव मिनेझिस हे तिसरे सहकारी त्यांच्यासोबत होते. पुढे मात्र केंद्राचा सारा भार या दोघांवरच राहिला. मुंबईत राष्ट्रवादी गोवेकर तरुणांचा जो गट होता त्यात यांचा वावर होता. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्यासारखा वडीलधारा विचारवंत त्या गटाला लाभला होता; पोर्तुगालमधून निसटून आल्यावर कुन्हांनी मुंबईतून 'फ्री गोवा' हे पत्र चालविले होते.

चांगली नोकरी, शहरातील घर, कायद्याची पदवी, पुढचा सरळ मार्ग, हे सर्व ठेवून एका अविवाहित ख्रिस्ती तरुणीने १९५५ साली दोन पुरुष सहकाऱ्यांसह रानात जाऊन राहावे, याचा अर्थ काय होतो हे त्या काळच्या घरांत वावरलेल्यांना समजेल. राजकीय धैर्याची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. पोलिसांची काठी खाणाऱ्याभोवती निदान गर्दी असते, जयघोष असतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव येते. या तरुणीच्या वाट्याला त्यांतले काहीच येणार नव्हते. उलट, ती कोठे गेली आणि कोणाबरोबर गेली, हे प्रश्न मागे राहणाऱ्यांना विचारले जाणार होते, आणि त्यांना उत्तर देण्याची मोकळीक नव्हती. लेखकाच्या मते या गोष्टीतील खरे मोल येथे आहे. ती सहा वर्षे पुढे किती यशस्वी झाली यावर ते अवलंबून नाही.

अंबोली हे सावंतवाडीच्या वर, सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तेथे हवा पालटण्यास जाणाऱ्या मंडळींना ते ठिकाण रमणीय वाटते. ज्याने तेथे पावसाळा काढला आहे त्याचे मत थोडे निराळे असेल. महाराष्ट्रात सर्वांत अधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत अंबोलीची गणना होते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी तेथे कोसळते. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, कागदाला बुरशी येते, लोखंडावर गंज चढतो. बिनतारी यंत्राला ओल हा मोठा शत्रू. अशा जागी मालमोटारीवर ठेवलेले यंत्र रोज ठरल्या वेळी बोलते ठेवणे ही काय तपश्चर्या असेल, याची कल्पना यंत्राशी संबंध आलेल्या कोणासही करता येईल. सर्प, जळवा आणि रानटी जनावरे यांची भर वेगळीच.

परंतु ही जागा निवडण्याला कारण होते. ध्वनिलहरी दूर जाण्यास उंची उपकारक असते आणि अंबोलीच्या कड्यावरून खाली पसरलेला मुलूख थेट गोव्याकडे उतरत जातो. शिवाय ती भारताच्या हद्दीत होती. गुप्त प्रक्षेपण शोधून काढण्याची रीत ठरलेली आहे : दिशा दाखविणारी यंत्रे घेऊन दोन निरनिराळ्या ठिकाणांहून लहरींच्या येण्याची दिशा मोजावयाची, त्या दोन रेषा जेथे मिळतात तेथे प्रक्षेपक असतो. मुंबईत १९४२ साली उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'काँग्रेस रेडिओ' चालविला तेव्हा पोलीस अशाच मोटारी घेऊन शहरभर फिरत होते. त्या मंडळींना वारंवार जागा बदलाव्या लागल्या, आणि तरीही ऑगस्टमध्ये सुरू झालेले ते केंद्र १२ नोव्हेंबरच्या छाप्यात बंद पडले. उषाबेन तुरुंगात गेल्या. गोव्याच्या रानातील केंद्र सहा वर्षे चालले ते रेषा मिळाल्या तरी तेथवर पोर्तुगीज पोलिसांचा हात पोहोचत नव्हता म्हणून.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मग यात धोका कसला? भारत सरकारच्या भूमीवर, तिच्या संमतीवाचून असे केंद्र सहा वर्षे चालणे अशक्य होते. तेव्हा याला गुप्त केंद्र तरी कसे म्हणावे? आक्षेप अगदीच निराधार नाही. दिल्लीच्या माहितीवाचून हे घडले नाही, हे उघडच आहे. परंतु सरहद्द तेथून जवळ होती, रान दाट होते, आणि सीमेपलीकडे सालाझारांच्या पोलिसांचे हेर होते. केंद्र कोठे आहे व कोण चालवितो हे कोणासही कळू न देणे, हा त्या दोघांचा नित्याचा नियम होऊन बसला. आप्तेष्टांशी गाठभेट जवळजवळ बंद झाली. सरकारने डोळेझाक केली म्हणून रानातील सहा पावसाळे काही कोरडे झाले नाहीत.

रोज सुमारे तासभर कार्यक्रम होत असे, पोर्तुगीज आणि कोकणी या दोन भाषांत. भाषांची ही निवड विचारपूर्वक होती. पोर्तुगीजमधून बोलले म्हणजे सरकारी अधिकारी, शिक्षित वर्ग आणि लिस्बनहून आलेले शिपाई यांच्या कानी पडते. ज्याच्याविरुद्ध लढावयाचे त्याच्याच भाषेत त्याला सांगण्याचा तो मार्ग होता. कोकणीतून बोलले म्हणजे ते स्वयंपाकघरापर्यंत जाते. गोव्यातील हिंदू मराठी वाचीत, ख्रिस्ती पोर्तुगीज किंवा रोमी लिपीतील कोकणी वाचीत. पण अंगणात बसून ऐकावयाची भाषा दोघांची एकच होती. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ती कळत होती. नभोवाणीला लिपी नसते, ही तिची मोठीच सोय आहे.

सांगावयाचे काय, हा प्रश्न नव्हता. सांगावयाचे इतके होते की तास अपुरा पडावा. भारताच्या संसदेत गोव्याविषयी काय बोलले गेले, पंडित नेहरू काय म्हणाले, गोव्याच्या तुरुंगांत कोण आहे, लिस्बनच्या दाव्यांत खोटे काय, याची मांडणी रोज होत असे. त्याखेरीज आशिया-आफ्रिकेतील वसाहती कशा एकामागून एक स्वतंत्र होत आहेत, याच्या बातम्या दिल्या जात. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतील सतरा देश मुक्त झाले. १९६१ च्या आरंभी अंगोलात पोर्तुगिजांविरुद्ध उठाव झाला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना या बातम्यांचे महत्त्व इतरांहून अधिक होते. कारण कित्येकांचे भाऊ, मुलगे मोझांबिकात, नैरोबीत, दार-एस-सलाममध्ये नोकरीला होते. आफ्रिका त्यांना नकाशावरचा प्रदेश नव्हता, तेथून पत्र येत असे. आणि एमिसोरा या बातम्या सांगत नव्हती.

लिस्बनच्या प्रचाराचा एक मुख्य सूर असा होता की, गोव्याचे ख्रिस्ती लोक पोर्तुगालला चिकटून आहेत, आणि हिंदू भारतात ते सामील झाले तर त्यांच्या धर्माची धडगत नाही. या सुराला तात्त्विक उत्तरे पुष्कळ देता आली असती. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस, जे गोमंतकीय वंशाचेच, १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल झाले होते; भारतात ख्रिस्ती धर्म नांदतो की नाही याचे उत्तर त्यातच होते. परंतु रानातील केंद्राचे उत्तर याहूनही साधे होते. रेडिओ लावला की लोबो आडनावाची एक ख्रिस्ती स्त्री अस्खलित पोर्तुगीजमध्ये आणि घरच्या कोकणीत स्वातंत्र्याची मागणी करताना ऐकू येत असे. तिचे नाव त्या वेळी श्रोत्यांना ठाऊक नव्हते, पण कोकणीच्या उच्चारांवरून बोलणारा कोण, कोणत्या मुलखाचा, कोणत्या समाजाचा, हे ओळखण्यात गोवेकर कधी चुकत नाही. बाजूच्याच ध्वनिक्षेपकावर तिचा हिंदू सहकारी होता. प्रचाराच्या एका पूर्ण कारखान्याला दोन उच्चारांनी उत्तर दिले.

लोक हे ऐकत कसे? दारे-खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून. सगळ्याच घरांत रेडिओ नव्हता. ज्यांच्या घरी होता त्यांच्याकडे शेजारी विश्वासाने येत, आणि त्यांनी बाहेर पडल्यावर ऐकलेले पुढे सांगितले की बातमी गावभर होई. किती लोक ऐकत याची मोजदाद कोणी केली नाही, करणे शक्यही नव्हते. बोलणाऱ्या दोघांना तर पलीकडून काहीच कळत नसे. नाटकातील नटाला प्रेक्षक दिसतात, वक्त्याला टाळी मिळते, आकाशवाणीच्या निवेदकालाही निदान पत्रे येतात. रानातल्या त्या दोघांना श्रोत्याचे एक पत्र यावयाचे तर त्यासाठी सरहद्द ओलांडणारा एखादा निधड्या छातीचा माणूस हवा होता. रोज सकाळी उठून शून्यात बोलावे, आणि कोणीतरी ऐकत आहे एवढ्या श्रद्धेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावे, असे दिवस मोजता मोजता वर्षे झाली.

पुढे केंद्र अंबोलीहून हलवून कॅसलरॉकच्या रानात नेण्यात आले. बेळगावकडील वाचकांना कॅसलरॉकची वेगळी ओळख नको. मुरगाव बंदराहून निघालेली रेल्वे कुळेहून घाट चढत, दूधसागरच्या धबधब्यासमोरून जात ब्रिटिश हिंदुस्थानात जेथे प्रवेश करीत असे ते हे स्थानक. जुन्या प्रवाशांना तेथील जकातीची झडती अजून स्मरत असेल. नाकेबंदीनंतर गाड्या थांबल्या आणि त्या गजबजलेल्या स्थानकावर शुकशुकाट झाला. त्याच परिसरातील झाडीतून मग गोव्याशी बोलणे चालू राहिले.

१९६१ च्या डिसेंबरात मात्र घटनांना एकाएकी वेग आला. सैन्य सीमेवर जमले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियु व्हासालु इ सिल्व्ह यांना शरण येण्याचे आवाहन १७ डिसेंबर रोजी याच केंद्रावरून वाचून दाखविण्यात आले. सहा वर्षे जे केंद्र प्रजेशी बोलत होते ते आता सरळ राज्यपालाशी बोलू लागले. १८ तारखेच्या पहाटे कारवाईस आरंभ झाला. बेळगावजवळच्या सांबरे विमानतळावरून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करून ते निकामी केले, आणि एमिसोरा द गोवा मुकी झाली. रानातला आवाज चालूच होता. त्या दिवशी गोव्यातल्या ज्या घरांत रेडिओ लावला गेला असेल तेथे दोन केंद्रांतील सहा वर्षांच्या झगड्याचा निकाल ऐकणाऱ्याच्या कानांनाच कळला असेल.

लिस्बनहून आलेला हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता. व्हासालु इ सिल्व्ह यांनी तो पाळला नाही, आणि त्याबद्दल स्वदेशी परतल्यावर त्यांना पदच्युती सोसावी लागली. गोव्यातील शहरे, चर्चे, देवळे आणि माणसे वाचली यात त्यांच्या त्या अवज्ञेचा वाटा आहे, हे आपल्या बाजूच्या माणसाने म्हणण्यास हरकत नसावी. १९ डिसेंबरच्या सकाळी भारतीय सैन्य पणजीत शिरले आणि रात्री मुरगावकडे शरणागतीचा लेख झाला.

त्याच १९ तारखेला लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे हवाई दलाच्या एका विमानात बसले. विमानाला ध्वनिवर्धक बसविलेला होता. सुमारे दोन तास ते विमान गोव्यावर घिरट्या घालीत राहिले, आणि त्यातून पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीत खाली सांगितले जात होते की, चारशे एक्कावन्न वर्षांचा परकी अंमल संपला, गोवा मुक्त झाला आहे, आनंद करा. खाली भाताची कापणी होऊन गेलेली शेते, नारळीच्या बागा, पांढरी चर्चे. नाताळ सहा दिवसांवर आलेला. सहा वर्षे ज्या श्रोत्यांना कधी पाहिले नव्हते ते त्या दिवशी प्रथमच बोलणाऱ्यांच्या दृष्टीसमोर होते. आणि श्रोत्यांनीही त्या दिवशी ओळखीचा आवाज दारे उघडी टाकून, आकाशाकडे मान वर करून ऐकला.

त्या दिवसाबरोबर 'गोंयचे सोडवणेचो आवाज' थांबला. त्याचे काम संपले होते. १९६२ च्या जानेवारीत पणजीहून आकाशवाणीचे कार्यक्रम सुरू झाले. ज्या केंद्रावरून पूर्वी लिस्बनचे म्हणणे सांगितले जाई तेथे नवे निवेदक आले. गोमंतकाचे कवी बाकीबाब बोरकर हे १९५५ पासून आकाशवाणीच्या सेवेत पुण्यास होते. पुढे पणजी केंद्रावरही त्यांनी काम केले आणि मराठी-कोकणी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या या कवीमुळे त्या केंद्राला एक निराळाच दर्जा आला. पणजीला दूरदर्शन आले ते फार नंतर, आणि ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

रानातून परतलेल्या दोघांचा विवाह १९६४ साली झाला. लिबियाबाईंनी वकिली केली, आणि मुक्त गोव्याच्या पर्यटन खात्याच्या त्या पहिल्या संचालक झाल्या. वामनराव परराष्ट्र सेवेत गेले आणि पुढे अंगोलात भारताचे राजदूत म्हणून राहिले. ज्या अंगोलाच्या उठावाची बातमी त्यांनी १९६१ साली मालमोटारीत बसून गोव्याला सांगितली होती तोच हा देश. सरकारने १९९२ साली त्यांना पद्मश्री दिली. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच मालमोटारीत, त्याच ध्वनिक्षेपकासमोर सहा वर्षे बसलेल्या लिबियाबाईंना ती पद्मश्री जाहीर झाली २०२५ च्या जानेवारीत. तेव्हा त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली होती.